पदकाची कड वाचायची कशी?

विटा, खानापूर, आटपाडी आणि त्यांना लागून असलेल्या माण-खटावातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. जुने सोने-चांदी घ्यायचे, मुशीत वितळवायचे, शुद्ध करायचे आणि टंच काढून बाजारात परत द्यायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मोडीत आलेल्या चांदीत पैंजण असतात, करंडे असतात, राणीछाप रुपये असतात, आणि कधीमधी कडी तुटलेले एखादे गोल पदकही असते. तराजूला पैंजण आणि पदक यांतला फरक कळत नाही, त्यामुळे दोघांची एकच गत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या ब्रिटिश लष्करी पदकांचा संग्रह करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी सातारा-सांगलीकडे पाहावे ते यासाठी. या भागात त्या काळची पदके सापडण्याची शक्यता फार नाही; पण जे सापडेल ते ओळखता आले नाही तर ते तासाभरात नाहीसे होते. ओळखायचे कशावरून, हाच या लेखाचा विषय. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पदकाचा चेहरा फारसे काही सांगत नाही. कडेवरचे नाव थोडे सांगते, आणि ते नाव ज्या कागदाशी जुळते तो कागद सगळ्यात जास्त सांगतो. म्हणून नव्या संग्राहकाने पैसे खर्च करण्याआधी वाचनात वेळ खर्च करावा.

सुरुवात मात्र चेहऱ्यापासूनच करावी लागते, कारण पहिली चाळण तिथेच होते. सातारा जिल्हा हा फौजी जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. घरोघरी पदके आहेत, पण त्यांतली बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांतली. घरात मात्र ‘पणजोबांचे, इंग्रज आले तेव्हाचे पदक’ अशी समजूत असते. ती तपासायला दोन मिनिटे पुरतात. राजाचे डोके पंचम जॉर्जचे असेल तर पदक १९१० नंतरचे. ‘कैसर-ए-हिंद’ किंवा सम्राज्ञी अशा अर्थाची अक्षरे असतील तर ते १८७७ च्या मागे जात नाही, म्हणजे त्याआधीचे असूच शकत नाही. नुसते ‘व्हिक्टोरिया रेजिना’ असेल तर भिंग हातात घ्यावे. आणि कोणाचेच डोके नसून सिंह, वाघ, हत्ती किंवा फारसी अक्षरे असतील, तर मात्र बसायला पाट मागवावा.

या शेवटच्या प्रकारातली पदके ईस्ट इंडिया कंपनीने स्वतः काढली. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पदकावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला खाली दाबतो आहे. मागच्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला आणि फारसी मजकूर आहे. हे पदक इंग्लंडात मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत पाडले गेले. हुद्द्याप्रमाणे धातू बदलत गेला. वरच्या अधिकाऱ्यांना सोने, त्याखाली सोन्याचा मुलामा, मग चांदी, मग कांसे आणि शिपायाला कथील. १८२४ ते १८२६ च्या ब्रह्मदेशाच्या पदकावर हत्ती सिंहापुढे गुडघे टेकून बसला आहे. ते पदक आणि नेपाळच्या लढाईचे पदक कंपनीने फक्त देशी फौजेला दिले. संग्राहकाला यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. कंपनीची ही जुनी पदके साधारणपणे बिननावाची होती, कडेवर कोणाचेच नाव नसे. त्यामुळे ‘हे आमच्या अमुक सुभेदाराचे श्रीरंगपट्टणचे पदक’ हे वाक्य पदकाच्या आधारावर कधीच सिद्ध होत नाही. त्याला वेगळा कागद लागतो. कडेवर झोकदार अक्षरांत नाव कोरलेले असलेच, तर ते मागाहून कोणीतरी घालून घेतले असे धरून चालावे. ते नाव खुद्द त्या शिपायाने हौसेने सोनाराकडून घालून घेतले असेल किंवा गेल्या वर्षी विक्रेत्याने; दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात. शिवाय कंपनीच्या काही पदकांचे ठसे टांकसाळीत राहिले आणि त्यांवरून पुढे पुन्हा पदके पाडली गेली. ती खोटी नाहीत, पण त्या काळचीही नाहीत.

आपल्या भागाशी सगळ्यात जवळचे पदक मात्र राणीच्या मंजुरीने निघालेले आहे. त्याला ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ म्हणतात. चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे, फिकट निळ्या फितीचे. एका बाजूला व्हिक्टोरिया. दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, वर ‘टू द आर्मी ऑफ इंडिया’ ही अक्षरे आणि खाली १७९९-१८२६. फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी, तिला क्लॅस्प म्हणतात. अशा एकूण २१ पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या १० आजच्या महाराष्ट्रातल्या लढायांच्या. असई, अडगाव आणि गाविलगड या १८०३ च्या. खडकी, पुणे आणि ‘खडकी व पुणे’ अशी जोडपट्टी. सीताबर्डी, नागपूर आणि त्या दोघांची जोडपट्टी. दहावी कोरेगावची. पदकावर १७९९ लिहिले असले तरी पहिली पट्टी १८०३ मधल्या अलीगडची आहे, त्यामुळे श्रीरंगपट्टणची पट्टी दाखवणारा माणूस स्वतः फसलेला असतो किंवा तुम्हाला फसवत असतो. आणखी एक खोड अशी की इतर पदकांवर जुनी लढाई पदकाजवळ आणि नवी वर असते; इथे उलटे, सगळ्यात शेवटची लढाई पदकाला लागून. ज्याला हे माहीत नसते तो पट्ट्या ‘दुरुस्त’ करून लावतो आणि तिथेच पकडला जातो.

आता या पदकाची खरी किल्ली. ते मंजूर झाले मार्च १८५१ मध्ये. वॉटर्लूच्या लढाईचे पदक एक-दोन वर्षांत वाटले गेले होते. साध्या शिपायापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना एकसारखे, आणि मेलेल्यांच्या वारसांनाही. पण स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढलेल्यांना १८४७ पर्यंत थांबावे लागले आणि हिंदुस्थानातल्यांना त्याहूनही चार वर्षे जास्त. शिवाय या दोन्ही उशिराच्या पदकांना नियम एकच होता, जो हयात आहे आणि जो दावा करतो त्यालाच पदक. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये पंचावन्नाच्या आसपास पोहोचला होता, असईला विशीत असलेला सत्तरीला टेकला होता. मधल्या काळात पटकी होती, ब्रह्मदेशची मोहीम होती, दुष्काळ होते. जे उरले त्यांतल्या किती जणांना अशा पदकाची खबर लागली आणि किती जणांनी अर्ज लिहवून घेतला, हे ज्याने त्याने मनाशी ताडावे. देशी शिपायांच्या नावाची पदके दुर्मीळ का, याचे उत्तर तिथेच मिळते.

या नियमातून एक तपासणी निघते आणि ती मला तरी सगळ्या रासायनिक चाचण्यांपेक्षा भारी वाटते. भीमेकाठच्या कोरेगावातल्या जयस्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावर तिथे पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची नावे आहेत, एकूण ४९, आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. पदक मिळाले जगलेल्यांना. स्तंभावर नाव लागले मेलेल्यांचे. तेव्हा ही दोन्ही स्मारके एकमेकांना पूरक आहेत आणि एकच माणूस दोन्हीकडे असू शकत नाही. कोरेगावच्या पट्टीचे पदक दाखवून ‘बघा, हेच नाव स्तंभावरही आहे’ असे विक्रेता अभिमानाने सांगू लागला, तर त्याने आपल्याच पदकाविरुद्ध साक्ष दिली असे समजावे. एकाच पलटणीत सारख्या नावाची दोन माणसे असू शकतात हे खरे. पण मग तो दुसरा माणूस यादीत कुठे आहे हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. या पट्टीला भाव जास्त मिळतो आणि तिच्यामागे लोकांच्या भावना आहेत, म्हणून खोटेपणाही तिच्याभोवतीच जास्त घुटमळतो.

नावांचा घोळ गावांच्या बाबतीतही होतो, आणि तो आपल्या दोन जिल्ह्यांत विशेष होतो. पट्टीवर इंग्रजीत ‘कोरीगॉम’ असे काहीसे लिहिलेले असते. सातारा जिल्ह्यात कोरेगाव हे तालुक्याचे गाव आहे, त्यामुळे इथल्या माणसाची पहिली उडी तिकडेच जाते. त्या कोरेगावचा या पट्टीशी काही संबंध नाही, लढाई झाली ती पुणे जिल्ह्यात भीमेकाठी. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याचेही असेच. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथे पडले आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज जिथे इंग्रजांच्या हाती लागले ती २० फेब्रुवारी १८१८ ची अष्टी सोलापूरकडची. आणि गंमत अशी की त्या अष्टीला पट्टीच नाही. त्याच महिन्यात सातारचा किल्ला इंग्रजांनी घेतला, त्याला पट्टी नाही. एप्रिलमध्ये जनरल प्रित्झलरने वासोटा किल्ला घेतला, तिथे कैदेत असलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी सुटले, सातारच्या राजघराण्यातली माणसे सुटली. त्यालाही पट्टी नाही. जनरल मन्रोने मे महिन्यात सोलापूर घेतले, तेही कोरडेच. म्हणजे १८१८ च्या ज्या घटनांनी सातारा-सांगलीचे नशीब बदलले त्यांतली एकही या पदकावर उमटलेली नाही. ‘सातारा’ किंवा ‘अष्टी’ अशी पट्टी कोणी पुढे केली तर पुढचे बोलणेच नको. पण याचा दुसरा अर्थ असाही की साताऱ्याच्या वेढ्यातला शिपाई शोधायचा तर तो खडकीच्या किंवा पुण्याच्या पट्टीखाली सापडण्याचा संभव आहे. तीच माणसे दोन-तीन महिन्यांनी पेशव्याच्या पाठलागावर या बाजूला आली होती.

आता हातातली वस्तू. व्हर्नियर कॅलिपर आणि दहापटीचे भिंग, एवढे सामान पुरे. व्यास चार ठिकाणी मोजावा. जुने नाव घासून नवे घातले असेल तर कड झिजते, आणि ३६ मिलिमीटरच्या जागी अर्धा मिलिमीटर कमी भरतो, तोही सगळीकडे सारखा नाही. साच्यात ओतून केलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून तीही बारीक भरते. तिच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि विजयदेवतेच्या वस्त्राच्या चुण्या साबण विरघळल्यासारख्या दिसतात. ठशाने दाबलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो आणि बाजूची चांदी किंचित सरकलेली असते. छिन्नीने कोरलेल्या अक्षराला तिरपा उतार असतो आणि रेघ सुरू होते तिथे ती बारीक असते. या पदकांवर दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे कोरीव दिसले की खोटे असा नियम करू नये. मात्र एकाच नावातली दोन अक्षरे ठशाची आणि बाकीची हाताची असतील तर काय समजायचे ते समजावे. पट्टीच्या कडांचे खिळे पाहावेत, एक जुना काळवंडलेला आणि दुसरा लखलखीत असेल तर पट्टी नंतर जोडलेली आहे. पाठीमागे डाक लावल्याचा डाग असेल तर ते कधीतरी कोणाच्या गळ्यातल्या माळेत किंवा पट्ट्याच्या बकलावर होते. एक कळकळीची विनंती सराफांना आणि गलाईवाल्यांनाही आहे. टंच पाहण्यासाठी कड कसोटीवर घासू नका. सगळे पदक चांदीचेच आहे. पण नाव फक्त कडेवर आहे. घरच्यांनीही चिंच, राख, रांगोळी आणि भांड्याची पावडर यांपासून पदक दूर ठेवावे. दसऱ्याला देव घासताना टाकांबरोबर पदकही घासले जाते आणि पावणेदोनशे वर्षांची अक्षरे पाच-पंचवीस दसऱ्यांत पुसट होतात.

कडेवरचे नाव वाचून झाले की खरा अभ्यास सुरू होतो. नाव इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले असते, आडनाव बहुधा नसतेच. ‘नाक’चे शेवटचे अक्षर इंग्रजीत ‘क’साठी ‘सी’ घालून येते, ‘जी’ला दोन ई लागतात, ‘राव’चे तीन प्रकार होतात. इथे मराठी वाचकाला लंडनच्या अभ्यासकापेक्षा मोठी सवलत आहे. ते अक्षर तोंडाने मोठ्याने म्हटले की आपल्याला नाव ऐकू येते, त्यांना येत नाही. पलटणीचा आकडाही फसवा असतो. १८२४ मध्ये कंपनीच्या फौजेची फेररचना झाली आणि बटालियनींना स्वतंत्र रेजिमेंटांचे नवे क्रमांक मिळाले. कोरेगावी लढलेली ‘पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन’ त्यानंतर ‘दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट’ झाली, पुढे एकशे दोनावी ग्रेनेडियर्स. तेव्हा कडेवरचा आकडा नव्या आणि जुन्या अशा दोन्ही पद्धतींनी तपासावा. युरोपियन शिपायांचा माग तुलनेने सोपा. राजाच्या रेजिमेंटांतले लोक लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कंपनीचे लोक ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. पदकाची यादी गूल्ड आणि डग्लस-मॉरिस यांनी १९७४ मध्ये छापून काढली, ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात अधूनमधून मिळते. मोहिमेचा तपशील हवा असेल तर व्हॅलेंटाइन ब्लॅकरचे १८२१ चे पुस्तक आणि साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास. ग्रँट डफवर आपल्याकडे भरपूर टीका झाली आहे आणि ती बरीचशी रास्त आहे, पण कोणती तुकडी कोणत्या दिवशी कुठे होती एवढ्यापुरता तो विश्वासू आहे. आपल्या बाजूने मुंबईचे पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. सांगलीकरांनी वासुदेवशास्त्री खरे यांना विसरू नये. मिरजेत शाळामास्तरकी करत त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडच्या खंड काढले. परशुरामभाऊंबरोबर धारवाडच्या वेढ्यात असलेली कंपनीची पलटण पटवर्धनांच्या माणसांना कशी दिसत होती, हे त्यातून कळते. मोडी लिपी येत नसेल तर सहा महिने काढून शिकावी. एका पदकाच्या किमतीपेक्षा ते स्वस्त पडते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. देशी शिपायाच्या पदकावर गावाचे नाव नसते, पुष्कळ पलटणींचे जुने कागद उरलेले नाहीत, मग या माणसाचा साताऱ्याशी संबंध जोडणार कसा? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर बहुतेक वेळा जोडता येणार नाही. १८०३ ते १८१८ या काळात हा मुलूख पेशव्याचा, छत्रपतींचा आणि पटवर्धनांचा होता. इथला तरुण घोड्यावर बसला तर तो बहुधा गोखल्यांच्या किंवा पटवर्धनांच्या पागेत. मुंबईच्या फौजेतली भरती प्रामुख्याने कोकणातून, रत्नागिरीकडून होत होती, त्यात परदेशी म्हणवणारे उत्तरेकडचे शिपाईही असत. तरी कोकणातल्या शिपायाचे पदक घाटावर येण्याची वाट पक्की होती. पेन्शनीत निघालेली माणसे कॅम्प दापोलीला राहत. तिथून पुढची पिढी नोकरीसाठी किंवा छावणीच्या आधाराने साताऱ्याला येई. सर्वांना माहीत असलेले उदाहरण घ्यायचे तर सुभेदार रामजी सकपाळ यांचे. मूळ गाव आंबडवे, पेन्शनीनंतर दापोली, मग सातारा, आणि ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांच्या मुलाचे नाव राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आजोबा मालोजीही फौजेत होते. अशा घराण्यांची वाट माहीत असली की साताऱ्यातल्या पेटीत मिळालेल्या पदकाचा माग दापोलीच्या दिशेने काढायचा हे सुचते. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून सरकारला अर्ज केला, त्याचा आधारच पूर्वजांची चाकरी हा होता. असे अर्ज आणि घरातल्या पेन्शनीच्या चिठ्ठ्या यांना पदकाइतकेच जपले पाहिजे. माझ्या मते जास्त.

दुसरा आक्षेप जास्त तिखट असतो. ज्यांनी मराठ्यांचे राज्य बुडवले त्यांचे बिल्ले आपण कशाला जमवायचे? या प्रश्नाला झटकून टाकू नये. पण कोरेगावी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे पाचशे देशी पायदळ, अडीच-तीनशे देशी घोडेस्वार आणि दोन तोफांवर चोवीस युरोपियन गोलंदाज होते. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढणाऱ्यांत या मातीतले पुष्कळजण होते. एका बाजूच्या माणसाला तेहतीस वर्षांनी चांदीचे पदक मिळाले. दुसऱ्या बाजूच्या माणसाला पदकाची चालच नव्हती. मराठेशाहीत कर्तबगारीला इनाम, पोशाख, कडे, सरंजाम मिळे, आणि त्याची साक्ष मोडी सनदेत राहिली. नुसती पदके जमवणाऱ्याच्या संग्रहात म्हणून इतिहासाची अर्धीच बाजू येते, हा आक्षेपातला खरा भाग. त्यावरचा उपाय पदके टाकून देणे हा नव्हे. खडकीच्या पट्टीशेजारी त्याच लढाईतल्या गोखल्यांच्या पथकाच्या एखाद्या कागदाची नक्कल ठेवली, तर तो संग्रह लंडनच्या कोणत्याही लिलावगृहाला जमणार नाही असा होतो. सातारा-सांगलीत बसून करण्याजोगे काम ते हेच.

‘हा श्रीमंतांचा नाद आहे’ असेही म्हटले जाते, आणि मूळ पदकांपुरते ते खरेही आहे. पट्टीचे पदक विकत घेणे सामान्य पगारात बसत नाही, आणि बसत असेल इतक्या स्वस्तात मिळाले तर ते खोटे असण्याचा संभव जास्त. मी तर नवख्याला पहिली दोन वर्षे काहीही विकत घेऊ नका असेच सांगेन. त्याऐवजी आपल्या तालुक्यात घरोघरी जी पदके आहेत, कोणत्याही काळातली, त्यांची नोंदवही करावी. दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचे चार फोटो, व्यास, वजन, कडेवरचा मजकूर चुकीच्या स्पेलिंगसकट जसाच्या तसा, आणि घरातले लोक त्याबद्दल काय सांगतात ते वेगळ्या रकान्यात. दोन रकाने मिसळू नयेत. घरच्या गोष्टीला मान द्यावा, पण ती कडेच्या नोंदीत शिरू देऊ नये. विकत घेण्याची वेळ आलीच तर कायदा ठाऊक हवा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला गिऱ्हाईक चांगला भाव देतो म्हणून कुरिअरने पदक धाडणे हा गुन्हा आहे. नांगरताना किंवा पाया खणताना पदक निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. रणभूमीवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरण्याचे खूळ अलीकडे आले आहे, त्यापासून लांब राहावे. कायद्याचा प्रश्न आहेच. शिवाय जमिनीतून उपटलेल्या वस्तूची जागा एकदा हरवली की तिचे निम्मे महत्त्व जाते.

जपणूक सोपी आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात चांदी हिरवट-चिकट होते, म्हणून सुती कापड किंवा आम्लरहित कागद, आणि महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी. फीत जीर्ण झाली तरी बदलू नये, वेगळी ठेवावी. राहिला गलाईवाल्यांचा भाग. हैदराबादेत किंवा कोलकात्यात दुकान असलेल्या विट्याच्या माणसासमोर महिन्याला जितकी जुनी चांदी येते, तितकी कोणा संग्राहकासमोर वर्षात येत नाही. त्याने धंदा सोडून संशोधन करावे अशी अपेक्षा नाही. मोडीच्या ढिगात गोल, जाड, कडेवर इंग्रजी अक्षरे असलेले काही दिसले, तर मूस पेटवण्याआधी मोबाईलवर कडेचा फोटो घ्यावा आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, हे तुमच्याकडे कोणाकडून आले? उत्तर त्या फोटोखालीच लिहून ठेवावे.